डिफेक्ट्स-फोर-जे: टेस्टिंगवर प्रोजेक्ट करताय तर घ्याच, फक्त टाइमझोन आधी बघा

एमटेकच्या प्रोजेक्टसाठी चार महिने रोज हेच उघडून बसलोय, त्यामुळे आता नीट लिहितो. डिफेक्ट्स-फोर-जे म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या प्रोजेक्टमधल्या खऱ्याखुऱ्या बग्सचा, म्हणजे कोडमधल्या चुकांचा, साठा. रेने जस्ट, दारियूश जलाली आणि मायकेल अर्न्स्ट या तिघांनी २०१४ ला आणला तेव्हा ५ प्रोजेक्टमधले ३५७ बग होते, आता तिसऱ्या व्हर्जनमध्ये १७ प्रोजेक्टमधले ८५४ आहेत, आणि सगळं फुकट.

आधी मी काय करायचो तर चांगल्या कोडमध्ये स्वतःच चुका घालायचो, प्लसचं मायनस कर, कंडिशन उलटी कर, आणि मग माझं बग शोधणारं टूल ते पकडतंय का बघायचो. गाइड मॅडमनी एकच विचारलं, "अरे पण माणसं अशा चुका करतात का?" गंमत बघा, याच ३५७ बग्सवर हाच प्रश्न २०१४ मध्येच तपासून झालाय, साधारण ७३ टक्के खऱ्या बग्सना जुळणारी अशी मुद्दाम घातलेली चूक सापडते, म्हणजे पद्धत अगदीच टाकाऊ नाही पण उरलेल्या बग्सचं काय, म्हणून मी सरळ खऱ्या बग्सवर आलो.

इन्स्टॉल करायला अर्धा दिवस धरा. आतलं बरंचसं पर्ल भाषेत आहे, जावा ११ लागतं, कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं गिट तर लागतंच आणि त्याच कामाचं सबव्हर्जनपण लागतं. एकदा बसलं की मग मात्र मस्त, बगचा नंबर द्यायचा, चेकआउट, कंपाइल, टेस्ट, तीन कमांडमध्ये कुठल्यातरी जुन्या वर्षातला बिघडलेला कोड तुमच्या लॅपटॉपवर जसाच्या तसा उभा. प्रत्येक बगची दुरुस्त केलेली आवृत्ती सोबत येते, आणि आधी फेल होऊन दुरुस्तीनंतर पास होणारी निदान एक टेस्ट असतेच. मला सगळ्यात आवडलं ते हे की दुरुस्तीच्या कमिटमध्ये (म्हणजे नोंदवलेल्या बदलात) घुसलेलं रिफॅक्टरिंग (कोडची नुसती आवराआवर), नवीन फीचर वगैरे यांनी हाताने काढून टाकलंय, तेवढा बगच उरतो. हे काम किती किचकट आहे ते मी स्वतः दहा कमिटवर करून बघितलंय, म्हणून मनापासून आदर वाटतो. फक्त पॅच फाइल (दोन आवृत्त्यांमधला फरक दाखवणारी) उलटी वाचायची, ती दुरुस्त कोडकडून बिघडलेल्या कोडकडे जाते, पहिल्यांदा मी सरळ वाचली आणि संध्याकाळ गेली.

आता टाइमझोन. यांच्या कमांडी टेस्ट लॉस एंजेलिसच्या वेळेत चालवतात. मी माझ्या स्क्रिप्टने थेट चालवत होतो, लॅपटॉप पुण्याच्या वेळेवर, आणि जोडा-टाइममध्ये (यातलाच तारीख-वेळेचा एक प्रोजेक्ट) भलत्याच टेस्ट लाल, म्हणजे फेल, व्हायला लागल्या, मला वाटलं नवीन बगच सापडला! रीडमीमध्ये (सोबत येणारी माहितीची फाइल) स्पष्ट लिहिलंय की बाहेरून चालवणार असाल तर टाइमझोन सेट करा. ते केलं, सगळं जागेवर आलं. रीडमी पूर्ण वाचा हो, खरंच.

काही बग आता बाद केलेत, कुठे जावा बदलल्यामुळे येत नाही, कुठे दोन बग एकच निघाले. पण नंबर बदलले नाहीत, मधे जागा रिकामी ठेवलीय, त्यामुळे जुन्या पेपरमधला नंबर आजही त्याच बगवर नेतो. मोजमाप करणाऱ्यांनी असंच वागावं.

खटकलेल्या गोष्टी दोन. एक म्हणजे ती फेल होणारी टेस्ट बहुतेक वेळा दुरुस्ती करणाऱ्यानेच दुरुस्तीसोबत लिहिलेली असते, खऱ्या आयुष्यात बग शोधताना ती हातात नसते, म्हणजे आपल्या टूलला अर्धं उत्तर आधीच मिळतं. दुसरं, हे प्रोजेक्ट जुने आणि प्रसिद्ध, त्यांचा कोड दुरुस्तीसकट नेटवर पडलाय, तेव्हा एआय मॉडेलला यावर तपासलं तर ते विचार करतंय का पाठ केलेलं म्हणतंय ते कळणं अवघड. त्यासाठी गिटबग-जावा हा असाच दुसरा साठा सोबत घ्या, त्यात फक्त २०२३ मधले १९९ बग आहेत. पायथॉनवाल्यांना बग्स-इन-पाय आहेच.

आणि आकडा बघून हुरळू नका. यातल्याच २२४ बग्सवर आपोआप दुरुस्ती करणारी तीन टूल्स चालवली होती, टेस्ट पास करणारी दुरुस्ती ४७ बग्सना मिळाली, माणसांनी बसून वाचल्यावर खरोखर बरोबर निघाले फक्त ९. माझ्या टूलने ३१ बग पकडले तेव्हा मीपण खूश होऊन मॅडमना फोन केलेला, आता एकेक हाताने वाचतोय, चौदाव्यावर आहे, पाच गळलेत.

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा त्या टेस्टच्या मुद्द्यासाठी कापला.