ऑक्टेव्हिया आरएस: पहिली, लॉरा की २३०?

सोलापूरच्या माणसाला सेकंडहँड आरएस, म्हणजे स्कोडा ऑक्टेव्हियाची जोरकस टर्बो आवृत्ती, बघायची तर पुणं नाहीतर हैदराबाद गाठावं लागतं. तिथे विकणारा आपल्याला गुळगुळीत मोठ्या रस्त्यावर नेतो, आणि त्या रस्त्यावर तिन्ही पिढ्या झकास चालतात. तिथे बघून काहीच ठरत नाही. माझं ठरलं ते बार्शी रस्त्यावर, नान्नज आणि वैरागच्या दरम्यान, पुढे उसाचा डबल ट्रॉलीवाला ट्रॅक्टर असताना.

माझ्याकडे लॉरा आरएस आहे, २०१२ची. दुसऱ्या पिढीची ऑक्टेव्हिया आपल्याकडे लॉरा नावाने आली. सहा वर्षं झाली. घेण्याआधी विजापूरच्या एका ओळखीच्यांची पहिली ऑक्टेव्हिया आरएस दोन दिवस चालवली होती. मग २३०, म्हणजे तिसऱ्या पिढीची आरएस, घ्यायची असं जवळपास नक्की करून पुण्याच्या मित्राची गाडी आठ दिवस मागून आणली. ते आठ दिवस नसते तर आज दारात २३०च उभी असती, आणि कदाचित मी तिच्यातही खूश असतो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल कुठे आहे ते तुमच्या लक्षात राहील.

टर्बो गाड्यांच्या नादाला लागलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, की ही चारही चाकांवर का नाही, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना का जात नाही? प्रश्न रास्त आहे. आमच्या पिढीने इम्प्रेझा आणि लान्सर इव्होल्यूशन या जपानी रॅली गाड्यांचे फोटो वहीच्या कव्हरवर चिकटवले. इव्होल्यूशन १९९२पासून दहा पिढ्या चारही चाकांवरच धावली आणि तिची शेवटची पिढी २०१०मध्ये भारतातही आली, पण ती माझ्या आवाक्यातली गोष्ट कधीच नव्हती. स्कोडानेही रॅलीसाठी १९९९मध्ये उतरवलेली ऑक्टेव्हिया डब्ल्यूआरसी चारही चाकांचीच होती. २००१च्या सफारी रॅलीत ती तिसरी आली. त्याच काळात रस्त्यावर आलेल्या आरएसला मात्र पुढच्या दोन चाकांवरच भागवावं लागलं. युरोपात तिसऱ्या पिढीच्या डिझेल आरएसला चारही चाकांचा पर्याय मिळाला, आपल्याकडे तो आला नाही.

म्हणून आपल्याकडच्या आरएसच्या पिढ्या मी एकाच नजरेने बघतो. ताकद वाढत गेली, ती रस्त्यावर उतरवणारी चाकं दोनच राहिली. १५० पीएस (हॉर्सपॉवरच म्हणा), मग १६०, मग एकदम २३०, पुढे २४५, आणि आता २६५. टॉर्कचंही, म्हणजे ओढीच्या जोराचंही, तसंच, २१० न्यूटन मीटरवरून २५०, ३५० आणि शेवटी ३७०. पहिल्या दोघींना क्लचचं पेडल होतं, नंतरच्या तिघींना नाही. बाकी सीट, स्क्रीन, दिवे हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

पहिली आरएस म्हणजे २००४च्या सुमाराची, १.८ लिटर, २० व्हॉल्व्ह, पाच गिअर. युरोपात हेच इंजिन १८० पीएसचं होतं, आपल्याकडे १५०चं आलं. चालवायला ती मला आजही सगळ्यांत बोलकी वाटते. इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांना काही नाही, काही नाही, आणि मग टर्बो असा ओढतो की हसू येतं. पण मागची जागा अडचणीची. मागचा अ‍ॅक्सल साधा, त्यामुळे खडबडीत वळणावर गाडी मागून उडते. वयही आता बोलतं. रबरी पाइप, कॉइल, टायमिंग बेल्ट आणि त्याच्यासोबतचा वॉटर पंप, घेतल्या घेतल्या हे सगळं बदलायचं धरूनच चला. पंधरा वर्षं कधीच उलटली आहेत, म्हणजे पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर आलाच. घरात दुसरी गाडी असेल, रविवारी सकाळी तुळजापूरपर्यंत जाऊन यायचं असेल, तर जरूर घ्या. रोज अक्कलकोट रोड एमआयडीसीला जायला मी घेतली नसती.

खरी लढत लॉरा आणि २३०ची.

२३०बद्दल आधी बोलतो, कारण तिचं कौतुक करायला मला हात आखडता घ्यावासा वाटत नाही. २०१७ला ती आली तेव्हा चोवीस-पंचवीस लाखांत एवढी गाडी दुसरी मिळत नव्हती, आणि सेकंडहँड बाजारातही तिच्याएवढं पैशाला मोल देणारं फार काही मला दिसत नाही. नवीन साच्यावर बांधलेली असल्याने मोठी असूनही अंगाने हलकी. पुणे रस्त्यावर मोहोळ सोडलं की टेंभुर्णी कधी आलं कळत नाही. लेन बदलताना एकदाच हात वळवायचा, गाडी तिथे जाऊन गप्प बसते. पुण्याहून अडीचशे किलोमीटर चालवून उतरलो तेव्हा पाठ ताजी होती. एप्रिलचे दिवस होते, बाहेर त्रेचाळीस अंश, आणि तिचा एसी माझ्या लॉराच्या आताच्या एसीपेक्षा लवकर गार करायचा. सौ. आणि मुलगी, दोघींचा कौल २३०लाच होता. आईला चढ-उतार करायला मात्र ती खाली वाटली. आमच्या वाड्याच्या दारातल्या उतारावर पुढच्या बंपरचा खालचा ओठ दोनदा घासला, पण मी तो दोष धरत नाही, तिरकी घातली की निघते.

मग बार्शीचा फेरा आला. सासुरवाडी तिकडची, त्यामुळे हा रस्ता माझ्या पायाला पाठ आहे. डिसेंबर-जानेवारीला त्याच्यावर काय असतं हे सोलापूरकरांना सांगायला नको. एप्रिलमध्ये उसाचा हंगाम उतरणीला लागलेला, तरी शेवटच्या खेपा चालू होत्या. वडाळ्याच्या पुढे एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, गाणी जोरात. मी त्याच्या मागे पंचवीसच्या वेगाने.

या वेगाला ऑटोमॅटिक गाडी काय करते? ती पेट्रोल वाचवते. तिचं कामच ते. वरचा गिअर, इंजिन अगदी खालच्या फेऱ्यांवर, टर्बो निवांत. समोरून एक मोटरसायकल गेली, रस्ता मोकळा दिसला, मी पाय दाबला. आधी क्षणभर काही नाही. मग दोन गिअर खाली आले, मग टर्बो भरला, आणि मग ३५० न्यूटन मीटर एकदम पुढच्या दोन चाकांवर आले. रस्त्यावर पाचट आणि शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती. स्टिअरिंग हातात वळवळलं, चाकं घसरल्याचा पिवळा दिवा लुकलुकला. सगळं मिळून सेकंद-दीड सेकंद झालं असेल, मी मोजलेलं नाही. पण तो सेकंद मी उजव्या बाजूला, समोरच्याच्या वाटेत काढला होता.

यात गाडीचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. सहा गिअरचा तो डीएसजी, म्हणजे तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एकदा गिअर ठरला की माझ्या हातापेक्षा कितीतरी चपळ आहे. माझी तक्रार कुठल्याही ऑटोमॅटिकबद्दल तीच राहील. मला कधी निघायचं आहे हे मला आधी माहीत असतं, गिअरबॉक्सला नंतर कळतं. मोकळ्या हायवेवर या फरकाला काही अर्थ नाही. दोन ट्रॉल्यांच्या मागे, एका खड्ड्याच्या आणि एका एसटीच्या मधल्या फटीत, सगळा अर्थ तेवढ्यातच असतो.

मित्राने फोनवर सांगितलं, अरे, एसमध्ये, म्हणजे स्पोर्ट मोडमध्ये टाक. टाकलं. मग पिकअप तयार असतो, हे खरं. पण तीस किलोमीटर सतत वरच्या फेऱ्यांचा आवाज ऐकत जायचं, आणि मधल्या गावात गतिरोधकावरून हळू जाताना गाडी अधीर होते. स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर धरून ठेवायचाही प्रयत्न केला. त्याने काम होतं, प्रामाणिकपणे सांगतो. दहाव्या ट्रॅक्टरला मी विसरलो, एवढंच. महिनाभर चालवली असती तर कदाचित हाताला सवय लागली असती. आठ दिवसांत लागली नाही. परतीच्या वेळी वैरागजवळ तशीच फट दिसली आणि मी गेलोच नाही, ट्रॅक्टर वळेपर्यंत मागे राहिलो. त्या दिवशी माझं ठरलं.

लॉरात हीच गोष्ट अशी होते. ट्रॅक्टर दिसला की मी दुसऱ्यावर येतो, रस्ता थोडा मोकळा वाटला की तिसरा. फेऱ्या दोन-अडीच हजारांवर धरलेल्या, टर्बो भरलेला. फट दिसली की फक्त उजवा पाय. २५० न्यूटन मीटर दीड हजार फेऱ्यांपासूनच मिळतात आणि पुढचे टायर तेवढे पचवतात. मातीवरही क्वचितच घसरतात. तिसरा गिअर चाळीसपासून शंभरच्या पुढेपर्यंत एका दमात जातो, म्हणजे अख्खा ओव्हरटेक एकाच गिअरमध्ये. चार चाकांची ओढ मला हवी होती ती अशाच जागेसाठी. ती मिळाली नाही, पण दोन चाकांना झेपेल एवढीच ताकद असली तर तिची उणीव फार भासत नाही, असा माझा अनुभव आहे.

लॉरावरचा नेहमीचा आक्षेप मला मान्य आहे. युरोपातल्या त्या पिढीच्या आरएसला २०० पीएसचं दोन लिटर इंजिन होतं. आपल्याकडे साध्या लॉरा टीएसआयचंच (टर्बो पेट्रोल) १.८ लिटर, तेच १६० पीएस. जास्तीचे पैसे गेले ते सीट, सस्पेन्शन आणि रूपावर. कागदावर बघणाऱ्याला ही नावाचीच आरएस वाटेल. सीट मात्र खरंच धरून ठेवतात, आणि मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असल्याने पहिल्या आरएससारखी ती वळणावर उडत नाही.

तिचं दुसरं दुखणं जास्त महत्त्वाचं आहे. या पिढीचं टीएसआय इंजिन तेल पिण्यासाठी ओळखलं जातं. पिस्टनच्या तेलाच्या रिंगा बारीक असल्याने काही गाड्यांत दोन सर्व्हिसिंगच्या मध्येच तेल घालावं लागतं. मी दर हजार किलोमीटरला डिपस्टिक बघतो आणि डिकीत एक लिटरचा डबा असतो. ज्याला बॉनेट उघडायचा कंटाळा आहे त्याने लॉरा घेऊ नये, हे मी मनापासून सांगतो. टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, हाही या इंजिनाचा नाजूक भाग. सुधारित टेन्शनर बसवलेला आहे का, त्याचं बिल आहे का, हे विचारा. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा. थेट इंजेक्शनमुळे व्हॉल्व्हवर कार्बनही साठतो. २३०च्या इंजिनात तेलाची ही कटकट बरीच आटोक्यात आणलेली आहे, आणि इथे तिचं पारडं स्पष्टपणे जड आहे. तिच्यात बघायचं ते डीएसजीचं तेल साठ हजारांना बदललंय का, आणि इंजिनाचं ट्यूनिंग करून ताकद वाढवलेली आहे का. अनेकांनी वाढवलेली असते आणि विकताना मूळ ट्यूनिंग परत टाकलेलं असतं.

२४५ आणि नवीन २६५बद्दल थोडक्यात. २०२०च्या २४५ फक्त दोनशे आल्या, छत्तीस लाखांच्या घरात. पुढच्या चाकांमध्ये ताकद वाटून देणारं डिफरन्शियल तिच्यात आहे, म्हणजे माझ्या तक्रारीच्या अर्ध्या भागाचं उत्तर. पण चाकं अठरा इंची, टायरची कड बोटभर कमी. २०२५ची २६५ बाहेरूनच बांधून आली, शंभरच नग, किंमत पन्नास लाखांना टेकलेली, चाकं एकोणीस इंची. वैराग रस्त्यावर ते टायर घेऊन जायची माझी छाती होणार नाही. संग्रहासाठी कुणी घेत असेल तर त्याचा हिशोब वेगळा.

तुमचं जाणं-येणं मुख्यतः पुणे किंवा हैदराबाद रस्त्याने असेल, घरचे सोबत असतील आणि बजेट पुरत असेल, तर २३० घ्या. मी अडवणार नाही. बार्शी, करमाळा, सांगोल्याकडचे आतले रस्ते रोजचे असतील आणि क्लच दाबायला पाय कुरकुरत नसेल, तर एखादी नीट ठेवलेली लॉरा आधी चालवून बघा. २०११-१२च्या गाड्यांची पंधरा वर्षं आता भरत आली आहेत, तेव्हा पुनर्नोंदणीचा खर्च कोण करणार हे व्यवहार ठरतानाच बोलून घ्या. पार्ट सोलापुरात लगेच मिळतील असं धरू नका. माझे बहुतेक पुण्याहून दुसऱ्या दिवशी येतात.

आणि बघायला जाताना सकाळी लवकर जा, विकणाऱ्याला सांगा की गाडी सुरू करू नका, मी आल्यावर करू. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत या. थंड असेल तर चावी फिरवा आणि पहिले दोन-तीन सेकंद कुणालाही बोलू देऊ नका. टायमिंग चेन सैल असेल तर तेवढ्यातच खडखडते, नंतर गप्प होते.