शेतावर कार्यक्रमांसाठी जागा: पक्का हॉल की सीझनपुरता तंबू?

दोन-तीन पिढ्यांची शेती असेल तर माझं मत सरळ आहे, आधी तंबू. हॉल बांधला की वर्षभर बुकिंग घेता येतं, पावसाची धाकधूक नाही, किचन-टॉयलेट-लाईट सगळं एकदाच होतं आणि भाडंही जास्त मिळतं, पण त्यासाठी जमिनीच्या वापराची परवानगी, फायर सेफ्टी, कर्ज, आणि हप्ता तर बुकिंग येवो न येवो भरावाच लागतो. वर ज्या जागेवर काँक्रीट पडलं तिथे पुन्हा पीक घेणं जवळपास विसराच.

तंबूत कमाई कमी, दरवेळी जनरेटर आणि फिरते टॉयलेट आणा, वारा सुटला की जीव टांगणीला. परवानग्या यालाही लागतात, आवाजाचे नियम दोन्हीकडे पाळावेच लागतात. पण नाही जमलं तर गुंडाळता येतं, आणि घरातल्या सगळ्यांचं एकमत व्हायच्या आधी हे फार मोलाचं आहे!

पार्किंगकडे मात्र कोणी बघतच नाही. ३०० पाहुणे म्हणजे साधारण १०० गाड्या, वळायची जागा धरून पाऊण एकर तरी गेलं. ओल्या रानात गाड्या फिरल्या की माती खालपर्यंत दबते, पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत, नंतर नांगरलं तरी खालचा थर वर्षानुवर्षं कडकच राहतो. म्हणून तंबू असो की हॉल, गाड्या मुरमाच्या किंवा पडीक तुकड्यावरच लावा, चांगल्या रानात अजिबात नको.

हॉलचा विचार दोन सीझनचा हिशोब हातात आल्यावर करा, आणि तोही जमिनीत ज्यांचा ज्यांचा वाटा आहे त्या सगळ्यांच्या सह्या घेऊनच.