रास्पबेरी पाय + कोलिब्री: नेट नसलेल्या वर्गासाठी हा डबा घ्यावा का?

घ्यावा, पण कशासाठी घेताय ते आधी ठरवा. नुसते व्हिडिओ दाखवायचे असतील तर एवढी खटपट कशाला, पेनड्राइव्हमध्ये व्हिडिओ भरा, टीव्हीला लावा, झालं काम. पण कुठलं मूल नेमकं कुठे अडकलंय ते शिकवणाऱ्याला कळावं म्हणून घेणार असाल तर एवढ्या स्वस्तात याच्या जवळपास जाणारं दुसरं काही मला तरी दिसलं नाही.

हे काय प्रकरण आहे तेच ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. रास्पबेरी पाय म्हणजे एटीएम कार्डाएवढा कॉम्प्युटर, मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून ब्रिटनमध्ये काढला, २०१२ साली बाजारात आला तेव्हा ३५ डॉलरला होता. कोलिब्री हे लर्निंग इक्वालिटी नावाच्या संस्थेचं सॉफ्टवेअर, फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. याच लोकांनी आधी खान अकॅडमी या फुकट शिकवणाऱ्या साइटचे धडे नेटशिवाय चालवणारं केए लाइट काढलं होतं, कोलिब्री हा त्याचा पुढचा अवतार. पायवर कोलिब्री टाकायचं, जिथे बरं नेट असेल तिथे एकदाच बसून धडे उतरवून घ्यायचे आणि मग तो डबा वर्गात आणून राउटरला जोडायचा. मुलांच्या हातात जे काही असेल, घरातला जुना मोबाइल, टॅबलेट, लॅपटॉप, ते त्या वायफायवर आलं की ब्राउझरमध्ये धडे उघडतात. सिम नको, डेटा पॅक नको, काही नको. युनिसेफ आणि आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था) यांनी २०२० मध्ये सांगितलं होतं की जगातल्या ३ ते १७ वयाच्या मुलांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेटच नाही. त्यामुळे "आता सगळं ऑनलाइनच आहे की" म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

माझ्याकडे पाय ४ आहे, संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसतात तिथे तो चालतो. इन्स्टॉलेशनबद्दल फार लिहीत नाही, लिनक्सच्या चार कमांड टाइप करायची तयारी असेल तर एका बसण्यात होतं, नसेल तर कुणाला तरी पकडा.

आता खरी चांगली गोष्ट. कोलिब्रीमध्ये शिकवणाऱ्यासाठी वेगळं लॉगिन असतं, त्याला ते कोच म्हणतात. कोचने धडा बनवायचा, म्हणजे दोन व्हिडिओ आणि तीन सराव असे निवडून एका गटाला नेमून द्यायचे. मुलं सोडवायला लागली की कोचच्या स्क्रीनवर दिसतं, कोणाचं झालं, कोण अर्ध्यात आहे आणि कोणाला मदत हवीये. त्या मुलाच्या नावावर क्लिक केलं की त्याने प्रत्येक वेळी काय उत्तर लिहिलं तेसुद्धा दिसतं, नुसतं चूक बरोबर नाही. अपूर्णांकांच्या बेरजेच्या सरावात १/३ अधिक १/४ ला तीन वेगवेगळ्या मुलांनी २/७ लिहिलेलं मी बघितलं, वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात, हिशोब संपला. तिघांपैकी एक मुलगी वर्गात कायम मान हलवते, सगळं कळलंय असा चेहरा, तिला काही येत नाही अशी शंका कोणालाच आली नसती. दुसऱ्या दिवशी डबा बंद ठेवला आणि कागदाच्या पट्ट्या कापून तेवढंच एक घेतलं. वह्या तपासूनही हे कळतं, नाही कशाला म्हणू, पण वही हातात येईपर्यंत मुलांनी शेजारच्याचं बघून खोडलेलं असतं हो.

सरावाची रचनाही बरी आहे. ठराविक उत्तरं बरोबर आल्याशिवाय सराव पूर्ण धरत नाही आणि हिंट घेऊन सोडवलेला प्रश्न त्यात मोजत नाही. काही हुशार मंडळी सुरुवातीला प्रत्येक प्रश्नाला हिंट, हिंट, हिंट करत उत्तरापर्यंत पोचायची, मग पुढेच सरकेना तेव्हा वैतागून पेन्सिल हातात घ्यायला लागली. लहान मुलांसाठी पासवर्डची सक्ती सेटिंगमधून काढता येते, ते पहिल्याच दिवशी काढून टाका, नाहीतर अर्धा तास "ताई माझा पासवर्ड" मध्येच जातो.

आता डोक्याला ताप काय काय आहे ते.

पहिलं म्हणजे घड्याळ. हे कुठेच कोणी ठळक सांगत नाही म्हणून मी सांगते. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, तो वेळ नेटवरून घेतो. आपल्याकडे नेटच नाही. मग होतं काय की बंद केला त्या वेळेला घड्याळ थांबतं आणि पुन्हा चालू केला की तिथूनच पुढे चालायला लागतं, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी बंद केलेल्या डब्यात सोमवारीही शुक्रवारची संध्याकाळच असते. मुलांना काही फरक पडत नाही पण कोचच्या रिपोर्टमधल्या तारखांचा पार बट्ट्याबोळ, कोणी कधी काय सोडवलं याला अर्थच उरत नाही. उपाय स्वस्त आहे, डीएस३२३१ नावाचं बटण सेल असलेलं चिमुकलं मॉड्यूल मिळतं, ते पायच्या पिनांवर बसवायचं आणि कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालायची. पाय ५ मध्ये घड्याळाची सोय बोर्डावरच आहे, बॅटरी तेवढी वेगळी घ्यावी लागते.

दुसरं, वीज. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर असा चार्जर लागतो आणि घरात पडलेला कुठलाही मोबाइलचा चार्जर लावला की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेची पिवळी खूण येते, म्हणजे त्याचं पोट भरत नाहीये. तेव्हा चार्जरला हात आखडता घेऊ नका. आणि पायचं सगळं मेमरी कार्डवर असतं, लाइट मध्येच गेली तर त्यावरची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची मांडणी, बिघडू शकते. माझ्याकडचं एक कार्ड असंच गेलं, कुठल्या कंपनीचं ते सोडा, स्वस्तातलं होतं, धडे सगळे परत टाकता आले पण मुलांची प्रगती गेली ती गेलीच. त्यानंतर पाय यूएसबीला लावलेल्या एसएसडीवरून (कार्डापेक्षा टिकाऊ डिस्क) चालवते (पाय ४ ला ते जमतं), मध्ये छोटा यूपीएस आहे आणि कोलिब्रीचा डेटा अधूनमधून पेनड्राइव्हवर कॉपी होतो. मुलांना एवढंच शिकवलंय की बटण खटकन बंद करायचं नाही, आधी शटडाउन. गरम पण होतो बरं का, ८० अंशांच्या पुढे गेला की आपला आपणच वेग कमी करतो, तेव्हा उघडा ठेवा किंवा छोटा पंखा लावा, बंद प्लास्टिकच्या डब्यात कोंडू नका.

तिसरं, वायफाय. पायमध्ये वायफाय आहे आणि त्याचाच हॉटस्पॉट करता येतो हे खरं, पण ते चार-पाच मुलांपुरतं. सगळा वर्ग एकदम व्हिडिओवर गेला की बोंब. कोणाकडे तरी जुना राउटर पडलेला असतोच, तो आणा, पायला केबलने जोडा, मुलांना राउटरच्या वायफायवर घ्या. सरावाला डेटा अगदी थोडा लागतो, जड काम व्हिडिओचं असतं, म्हणून अर्धा वर्ग व्हिडिओवर नि अर्धा सरावावर असं फिरवलं तर सगळं निवांत चालतं.

धड्यांबद्दल. मेनू, बटणं वगैरे मराठीत येतं, चांगलं केलंय. पण मेनू मराठीत आहे म्हणजे धडे मराठीत आहेत असं नाही, तो घोळ घालू नका. कोलिब्रीत धड्यांचे चॅनेल असतात, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये धो धो आहे आणि बाकी भाषांमध्ये जे आहे ते आधी चॅनेलच्या यादीत जाऊन स्वतः बघा आणि मगच ठरवा. आख्खा चॅनेल घ्यायची गरज नसते, हवे ते विषय तेवढे उतरवता येतात, आणि स्टुडिओ नावाच्या त्यांच्या साइटवर आपले स्वतःचे व्हिडिओ, पीडीएफ, प्रश्न टाकून आपला चॅनेल बनवता येतो. हे काम कंटाळवाणं आहे, बसून करायला माणूस लागतो, पण मुलांच्या भाषेत आणि मुलांच्या पुस्तकाच्या क्रमाने काहीतरी हवं असेल तर दुसरा रस्ता नाही. याच डब्यावर किविक्स, म्हणजे नेटशिवाय विकिपीडिया उघडणारं सॉफ्टवेअर, टाकून विकिपीडियाही ठेवलाय. इंग्रजी आख्खा चित्रांसकट घ्यायचा तर शंभर जीबीच्या आसपास जागा खातो, लहान भाषांचे फारच कमी. मोठी मुलं त्यात तासन्‌तास रमतात, अभ्यास सोडून, असो.

आता कोणी म्हणेल की त्यापेक्षा प्रत्येक मुलाला एकेक टॅबलेट का नाही द्यायचा. दिलेत ना लोकांनी. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या निकोलस नेग्रोपोंटेने २००५ मध्ये १०० डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली, वन लॅपटॉप पर चाइल्ड, तो हिरवा-पांढरा लॅपटॉप पुढे प्रत्यक्षात दोनशेच्या घरात गेला. यंत्र म्हणून भारी होतं, उन्हात वाचता येईल असा स्क्रीन त्या काळात दुसऱ्या कुणाकडे होता सांगा. पेरू देशाने असे आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने तिथल्या ३१९ शाळांत अभ्यास केला, २०१२ मध्ये निष्कर्ष आला की गणितात आणि भाषेत काहीही फरक नाही. वस्तू पोचली, पण तिच्यावर काय करायचं, कोण बघणार, मुलाला कुठल्या पातळीवरून सुरू करायचं हे कोणी धड ठरवलंच नव्हतं.

याच्या उलट उदाहरण दिल्लीचं. माइंडस्पार्क नावाचं सॉफ्टवेअर, शाळेनंतरची केंद्रं, लॉटरीने निवडलेली मुलं. तिथली सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, सॉफ्टवेअर त्यांना सहावीचं न देता ती जिथे होती तिथलं देत होतं आणि निम्मा वेळ छोट्या गटात माणूस शिकवत होता. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली घसघशीत सुधारणा दिसली, २०१९ ला तो अभ्यास छापून आला. कोलिब्री हे आपोआप करत नाही हे लक्षात घ्या, तो मुलाची पातळी ओळखून स्वतः खालचे धडे देत नाही. ते कोचने करायचं. म्हणून मी कोचच्या पानावर एवढं बोलले, आठवीतल्या मुलाला चौथीचा भागाकार नेमून द्यायची सोय त्यात आहे आणि बाकीच्यांना ते दिसतही नाही, त्यामुळे त्या मुलाची लाजही राहते.

पाय की जुना लॅपटॉप? खरं सांगू का, कोणाचा धडधाकट जुना लॅपटॉप मिळत असेल आणि त्याची बॅटरी तासभर जरी टिकत असेल तर पाय घेऊच नका. कोलिब्री विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं, लॅपटॉपला घड्याळ असतं, बॅटरी म्हणजेच यूपीएस, स्क्रीन-कीबोर्ड आयता. मधल्या चिप टंचाईच्या काळात पाय मिळत नव्हते आणि मिळाले तर अव्वाच्या सव्वा भावाने, तेव्हा तर हाच शहाणपणा होता. पाय कुठे जिंकतो? वीज फार कमी खातो, सोलरवर किंवा मोठ्या पॉवर बँकवर चालवता येतो, दप्तरात टाकून या वर्गातून त्या वर्गात नेता येतो आणि कोणी "जरा गाणी लावतो" म्हणून उचलून नेत नाही.

आणि मुलं एका जागी जमतच नसतील, घरी फक्त बटणांचा फोन असेल, तर यातलं काहीच घेऊ नका. २०२० च्या बंद काळात बोट्सवानामध्ये साध्या फोनवर प्रयोग झाला होता, आठवड्याला एक एसएमएस गणिताचा आणि त्यावर शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा एक कॉल, आईवडील आणि मूल दोघंही स्पीकरवर. नुसत्या एसएमएसने काही विशेष झालं नाही, कॉल असलेल्या मुलांची गणितं सुधारली. माझ्याकडे जी दोन-तीन मुलं अधूनमधून गायब असतात त्यांच्यासाठी मी हेच करते, कोचच्या पानावर त्यांचं कुठे अडकलं होतं ते बघायचं आणि त्यातला एकच प्रश्न फोनवर घ्यायचा, त्यासाठी डबा चालू करायचीही गरज नसते, रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये असला की पुरे.