रीलसाठी मांजर: पर्शियन की गावठी?

इंटरनेटवर गाजलेल्या ग्रम्पी कॅट या मांजरीचे रुसके तोंड पाहून सांगलीत अनेकजण थेट पर्शियन पिल्लू शोधतात. पण ती पर्शियन नव्हतीच. २०१२ साली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात साध्या घरगुती मांजरीच्या पोटी ती जन्मली. तो चेहरा खुजेपणाचा आणि पुढे आलेल्या खालच्या जबड्याचा. मुद्दाम पैदा करावी अशी ती गोष्ट नव्हे.

पर्शियनला खर्चाआधी वेळ लागतो. केस रोज विंचरायचे, नाहीतर काखेत आणि मागच्या पायांत गुठळ्या होतात. मग कापण्याशिवाय इलाज नाही. चपट्या नाकामुळे डोळ्यांतून सतत पाणी गळते. ते कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घेऊन पुसायचे. आपल्याकडचा एप्रिल-मे तिला सोसत नाही. तोंड उघडून धापा टाकू लागली की शूटिंग बंद, थंड खोली आणि लगेच डॉक्टर.

गावठीला आठवड्यातून एकदा कंगवा पुरतो. अडचण वेगळीच: ती पत्र्यावरून शेजारी जाते, मारामारी करून जखमा घेऊन येते. नसबंदी पाच-सहा महिन्यांची असताना करून घ्या. नुसत्या दूध-भाकरीवर ठेवू नका. मांजरीला लागणारे टॉरिन हे पोषकद्रव्य मुख्यतः मांस-मासळीतून मिळते.

लशी दोघींनाही सारख्याच. कॅमेऱ्यात मात्र गावठी सरस, कारण ती उड्या मारते. पर्शियन बहुतेक वेळ लोळते. फ्लॅश बंद, फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, उजेड खिडकीतून बाजूने. काळी मांजर असेल तर स्क्रीनवर तिच्या तोंडावर टिचकी मारून उजेड वाढवा, नाहीतर नुसता काळा गोळा दिसतो.