मोआबच्या कातळवाटा आणि भाड्याच्या जीपचे न दिसणारे नुकसान

अमेरिकेतील युटा राज्यात मोआब या गावी जाऊन, मित्रमंडळींसह जीप भाड्याने घेऊन कातळवाटांवर चालवण्याचा बेत जे आखत असतील, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. गाडी परत करून आम्ही आपापल्या घरी पोहोचलो, कामाला लागलो, आणि त्यानंतर माझ्या क्रेडिट कार्डावर २,३४० डॉलरची रक्कम लावण्यात आली. कारण दिले होते ते गाडीच्या पोटाखालच्या संरक्षक पत्र्याच्या, म्हणजे स्किड प्लेटच्या, नुकसानीचे. ते नुकसान आमच्या हातून झालेले नव्हते आणि तसे पुराव्यानिशी दाखवताही आले. तरीही सगळे पैसे परत आले नाहीत. दुकानाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. ते दिले, तर एवढे एक दुकान टाळले की आपण सुटलो, असा वाचणाऱ्याचा समज होईल. प्रत्यक्षात ही युक्ती कुठल्याही पर्यटनाच्या गावात आणि कुठल्याही भाड्याच्या गाडीबाबत चालू शकते.

आम्ही निवडलेल्या दोन्ही वाटा, ‘फिन्स अँड थिंग्ज’ आणि ‘हेल्स रिव्हेंज’, गावाला लागूनच असलेल्या सँड फ्लॅट्स या राखीव क्षेत्रातील आहेत. येथील कातळ नावाहो वालुकाश्माचा, म्हणजे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या पुढे घट्ट होऊन बनलेला आहे. रबरी टायर त्यावर इतका घट्ट धरतो, की साध्या रस्त्यावर कोणी कल्पनाही करणार नाही अशा चढावर गाडी सावकाश चढून जाते. हेल्स रिव्हेंजच्या आरंभीच एका अरुंद कातळकण्यावरून जावे लागते आणि दोन्ही बाजूंना उतार सुटलेला असतो. चढताना समोर फक्त बॉनेट आणि आकाश दिसते, त्यामुळे बाहेर उभे राहून चाके कुठे टाकायची ते सांगणारा स्पॉटर सोबत असलेला बरा. अशा ठिकाणी नेहमीच्या भाड्याच्या गाड्या चालत नाहीत, आणि मोठ्या भाडे कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्याला करारातच मनाई करतात. म्हणून मोआबमध्ये केवळ या कामासाठी जीप भाड्याने देणारी दुकाने आहेत. आम्ही घेतली ती रँग्लर रुबिकॉन होती. पुढेमागे दोन्ही धुऱ्यांना लॉकर, म्हणजे धुऱ्याची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय, चाकांना अधिक मोकळीक मिळावी म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पुढचा स्वे बार बटणाने सुटणारा, आणि इंजिनाची शक्ती पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी, सावकाश चालण्याच्या लो रेंजमध्ये चार पट गती उतरवणारी ट्रान्सफर केस, अशी ही गाडी कारखान्यातूनच खडकांसाठी सज्ज होऊन येते. इंधनाची टाकी आणि ट्रान्सफर केस यांच्याखाली पोलादी स्किड प्लेट असतात. खडक लागला तर तो या पत्र्याला लागावा आणि आतील यंत्र वाचावे, एवढ्यासाठीच त्या बसवलेल्या असतात. त्यावर ओरखडे उठणे म्हणजे त्या पत्र्याने आपले काम केले, इतकेच. पुढची सगळी कथा या मुद्द्याभोवती फिरते.

फसवणुकीची सुरुवात बिलापासून झाली असे मी मानत नाही. ती काउंटरवर, गाडीची किल्ली मिळण्यापूर्वीच झाली. तेथील गृहस्थ अत्यंत सौजन्याने बोलत होते. रोजच्या भाड्याव्यतिरिक्त दिवसाला ६५ डॉलर भरून ‘डॅमेज वेव्हर’, म्हणजे नुकसानीची भरपाई माफ करणारा करार, घ्यावा, म्हणजे नुकसानीची चिंता उरणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. ‘सगळे यात आले का?’ असे आमच्यातील एकाने स्पष्टपणे विचारले, तेव्हा ‘तुम्ही निर्धास्त चालवा’ असे उत्तर मिळाले. ते उत्तर पुन्हा वाचून पाहावे: त्यात होकार कुठेही नाही. सही टॅब्लेटवर घेण्यात आली आणि पडद्यावर फक्त सहीची चौकट होती; संपूर्ण करारपत्र ईमेलने येईल असे सांगण्यात आले व ते खरोखरच आले, पण आम्ही वाटेवर निघाल्यानंतर. त्या करारपत्रात वेव्हरमधून वगळलेल्या गोष्टी अशा होत्या: टायर आणि रिम, काचा, गाडीचा संपूर्ण खालचा भाग, गाडी कलंडल्याने झालेले नुकसान, आणि अडकलेली गाडी ओढून काढण्याचा खर्च. कातळावर जीप चालवताना जे जे मोडू शकते, ते जवळजवळ सगळे या यादीत आले. उरले काय, तर दाराला पडलेला पोचा. वाहनतळावर गाडी उभी ठेवणाऱ्यालाच उपयोगी पडेल असे संरक्षण खडकांवर जाणाऱ्याला पूर्ण संरक्षण म्हणून विकणे याला मी गैरसमज म्हणायला तयार नाही.

गाडी ताब्यात देताना दुकानातील दुसऱ्या कर्मचाऱ्याने आमच्यासोबत गाडीभोवती एक फेरी मारली आणि दारे, बंपर व काचा यांवरील खुणा एका छापील आकृतीवर नोंदवून घेतल्या. आकृतीत गाडी चारही बाजूंनी आणि वरून काढलेली होती. खालून काढलेली नव्हती. पोटाखाली पाहायचे आहे असे म्हटल्यावर त्याने हसून सांगितले, की तिथे सगळ्याच गाड्यांना ओरखडे असतात, ते कोणी मोजत नाही. ते खरेही वाटले, कारण वस्तुस्थिती तशीच आहे. तरी आमच्यातील एक मित्र जमिनीवर आडवा झाला आणि मोबाइलचा दिवा लावून त्याने खालच्या भागाचे चित्रीकरण केले. पाठीमागच्या बाजूची चाके कठड्याला अगदी चिकटवून उभी केलेली असल्यामुळे मागचा भाग नीट दिसला नाही. पुढचा आणि मधला भाग मात्र स्वच्छ आला. ते चित्रीकरण नसते, तर हे सगळे लिहिण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही उरले नसते.

प्रत्यक्ष वाटांविषयी थोडक्यात सांगतो. दोन्ही वाटा उत्तम आहेत, खुणा कातळावर रंगवलेल्या असल्यामुळे चुकण्याची भीती कमी आहे, आणि हेल्स रिव्हेंजवरील सर्वांत अवघड अडथळ्यांना वळसा घालून जाण्याची सोय आहे. आम्ही तो वळसाच घेतला. आमच्या गाडीचे पोट कातळाला कधीच टेकले नाही असा माझा दावा नाही. फिन्स अँड थिंग्जवर एका तीव्र उताराच्या तळाशी मधला पत्रा घासल्याचा आवाज आला होता. आम्ही लगेच थांबून पाहिले. पत्र्यावर आधीपासून असलेल्या ओरखड्यांत एका ताज्या चमकत्या रेघेची भर पडली होती, कुठेही पोचा वा चीर नव्हती, तेलाचा थेंब गळत नव्हता. हवा कोरडी होती, पाऊस पडला नव्हता, आणि गाडी सँड फ्लॅट्स सोडून अन्य कुठल्याही वाटेवर गेली नाही. हे तपशील कंटाळवाणे वाटतील, परंतु पुढे त्यांनाच महत्त्व आले.

परत करताना दुकानात गर्दी होती. किल्ली पेटीत टाका, काही असेल तर कळवू, असे सांगून आमची बोळवण करण्यात आली. सोबत कोणी फेरी मारली नाही आणि कागदावर काही लिहूनही दिले नाही. गाडी घेताना कार्डावर डिपॉझिटपोटी २,५०० डॉलर रोखून ठेवले होते. अशी रोखलेली रक्कम, म्हणजे होल्ड, ही वसुली नसते; ती काही दिवसांनी आपोआप सुटते, आणि सुटेल या भरवशावर आपणही तिच्याकडे पाहत नाही. आमच्या बाबतीत ती सुटण्याऐवजी तिच्यातून वसुली झाली. त्यासोबत आलेल्या ईमेलमध्ये ट्रान्सफर केसखालची स्किड प्लेट ‘वाकली व तडकली’ असल्याचे म्हटले होते. त्यात पत्रा, मजुरी, दुरुस्तीच्या काळात गाडी भाड्याने देता न आल्याची भरपाई, आणि या सगळ्याची कागदपत्रे करण्याचा आकार, अशी चार कलमे होती. पुरावा म्हणून दोन छायाचित्रे जोडलेली होती.

ती छायाचित्रे पाहताना आमच्यातील भूगर्भशास्त्र शिकलेल्या मैत्रिणीने पहिल्यांदा पत्रा पाहिलाच नाही. तिने चिखल पाहिला. पत्र्याच्या कडेला आणि बोल्टच्या खाचांत राखाडी रंगाचा, वाळून भेगाळलेला चिखल चिकटलेला होता. सँड फ्लॅट्समध्ये असा चिखल येणार कुठून? तिथे नारिंगी कातळ आणि त्याच्याच झिजेतून झालेली वाळू आहे. राखाडी माती असते ती मँकोस शेलची, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाची, आणि ती आंतरराज्य महामार्ग ७० वरून मोआबकडे वळताना दिसणाऱ्या उजाड मैदानांत पसरलेली आहे. ती भिजली की फुगते आणि चाकांना धरून बसते. म्हणजे ही छायाचित्रे पावसानंतर त्या बाजूला जाऊन आलेल्या कुठल्यातरी गाडीची होती, किंवा आमच्याच गाडीची, परंतु आमच्या आधीच्या कोणाच्या तरी फेरीनंतरची. आमच्या चित्रीकरणात त्याच जागी लाल धुळीचा पातळ थर होता, आणि पत्रा ओरखडलेला पण सरळ होता.

आम्ही दुकानाला लिहून तीन गोष्टी मागितल्या: छायाचित्रांच्या मूळ फाइली, ज्यांत काढल्याची वेळ नोंदलेली असते, बदललेल्या पत्र्याची खरेदीपावती, आणि दुरुस्ती झाल्याची तारीख. यांपैकी एकही मिळाली नाही. ‘करारातील कलमानुसार खालच्या भागाची जबाबदारी ग्राहकाची आहे’ एवढेच वाक्य प्रत्येक उत्तरात नव्याने येत राहिले. येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे, की नुकसानीची जबाबदारी कोणाची हा आमचा प्रश्नच नव्हता. नुकसान केव्हा झाले हा होता, आणि त्याला ते कलम उत्तर देत नव्हते. अशा पत्रव्यवहारात समोरचा माणूस आपल्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला लावतो. तसे देऊ लागलो की प्रकरण संपले.

त्यानंतर बँकेकडे तक्रार केली. अमेरिकेत १९७४ च्या ‘फेअर क्रेडिट बिलिंग’ कायद्यानुसार क्रेडिट कार्डावरील चुकीच्या रकमेला, ती ज्या विवरणपत्रात प्रथम दिसली ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येते, आणि बँकेला दोन बिलचक्रांत, जास्तीत जास्त ९० दिवसांत, तिचा निकाल लावावा लागतो. डेबिट कार्डाने पैसे भरले असते, तर या कायद्याचे संरक्षण मिळाले नसते आणि पैसे थेट खात्यातून गेलेले असते. म्हणून भाड्याच्या गाडीसाठी डेबिट कार्ड कोणी वापरू नये असे माझे ठाम मत आहे. तक्रारीत आम्ही भावना लिहिल्या नाहीत. चित्रीकरणातील एक चौकट आणि दुकानाचे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवले, मातीच्या रंगावर बाण काढला, आमच्या फोनमधील प्रवासाचा नकाशा जोडला, आणि मागूनही न मिळालेल्या तीन कागदांची यादी दिली.

येथे आणखी एक भ्रम दूर करतो. कार्डासोबत मिळणारा भाड्याच्या गाडीचा विमा आपल्याला वाचवील असे अनेकांना वाटते. अशा बहुतेक विम्यांत रस्ता सोडून चालवलेली गाडी वगळलेली असते, आणि स्वतःच्या गाडीच्या विम्याचेही अशा वाटांवर काय होते ते कंपनीला आधी लेखी विचारल्याशिवाय गृहीत धरता येत नाही. मोआबमधील अशा दुकानांचे वेव्हर खपतात ते यामुळेच. दुसरा आधार नसल्याचे ग्राहकाला माहीत असते, आणि ते त्याला माहीत असल्याचे दुकानदारालाही माहीत असते.

या सगळ्यावरून, पुढच्या वेळी आम्ही काय करणार ते सांगतो. करारपत्र आदल्या दिवशी ईमेलने मागवू, आणि दुकान ते देत नसेल तर दुसरीकडे जाऊ. वेव्हरमध्ये काय येते हे विचारणार नाही. खालचा भाग, टायर, कलंडणे आणि ओढून काढणे यांची नावे घेऊन, प्रत्येकाचा खर्च कोणाकडे, हे त्यांच्याच ईमेलवर लिहून घेऊ. गाडी मोकळ्या जागेत पुढे घ्यायला लावून चारही बाजूंनी खालून चित्रीकरण करू, आणि त्यात ओडोमीटर, नंबरप्लेट व दुकानाची पाटी एकाच सलग तुकड्यात येईल असे पाहू, म्हणजे मधे काही कापले असे कोणाला म्हणता येणार नाही. तेच चित्रीकरण परत करताना, किल्ली पेटीत टाकण्याआधी, पुन्हा करू. आम्ही परत करतानाचे केले नव्हते असे बँकेला सांगावे लागले असते, तर निकाल वेगळा लागला असता. सुदैवाने एका मित्राने पेट्रोल पंपावर टायर तपासताना घेतलेली काही छायाचित्रे हाताशी होती आणि त्यांत तो पत्रा अर्धा का होईना दिसत होता. दुकानाच्या वाहनतळावरून किती मैल झाले हेही टिपून ठेवावे, कारण त्यावरून गाडी कुठवर जाऊ शकली असती हे सांगता येते.

निकाल लागला तो असा. पत्रा आणि मजुरी यांची रक्कम बँकेने परत केली, कारण दुकानाला खरेदीपावती दाखवता आली नाही. गाडी उभी राहिल्याची भरपाई आणि कागदपत्रांचा आकार ही दोन कलमे सही केलेल्या करारात नमूद होती, म्हणून ती दुकानाच्या बाजूने गेली. न झालेल्या दुरुस्तीसाठी गाडी उभी कशी राहिली, असा प्रश्न आम्ही पुन्हा लेखी विचारला, तेव्हा बँकेने प्रकरण बंद झाल्याचे कळवले. वेव्हरचे पैसे तर वादात घेताच आले नाहीत, कारण ती सेवा आम्ही स्वेच्छेने घेतली होती आणि कागदावर ती पुरवलीही गेली होती. युटाच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे स्वतंत्र तक्रार नोंदवली आहे. त्या तक्रारीला वेव्हरची यादी आणि काउंटरवरील ते ‘निर्धास्त चालवा’ हे उत्तर, ते ऐकणाऱ्या चौघांच्या सह्यांसह, जोडले आहे.