कडाक्याच्या थंडीत सेसना सुरू करताना: प्रोपेनचा ब्लोअर की चिकटवलेले हीटर?

कॅनडातल्या विनिपेगला जानेवारीत पारा उणे ३० ला टेकला तर कुणाला नवल वाटत नाही. सेसनासारख्या छोट्या विमानांची इंजिनं बनवणारी लायकॉमिंग आपल्या बहुतेक इंजिनांना उणे १२ च्या खालीच प्रीहीट, म्हणजे सुरू करण्याआधी तापवणं, सांगते, त्यामुळे तापवायचं की नाही हा वादच नाही. कशाने तापवायचं, एवढंच ठरवायचं.

ब्लोअर म्हणजे प्रोपेन जाळून नळातून गरम हवा फेकणारा पंखा. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. नळ काउलखाली, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाखाली, घातला की इंजिनासोबत बॅटरी, होज, सगळंच तापतं. तोच नळ जरा वेळ कॉकपिटमध्ये धरला की जायरोवर चालणारी उपकरणंही कुरकुरत नाहीत. एकदा घेतला की कुठल्याही विमानाला चालतो. वीज नसलेल्या धावपट्टीवर तर दुसरा इलाजच नाही.

पण प्रोपेन उकळतो उणे ४२ ला. म्हणजे उणे ३० ला टाकीत दाब जेमतेम उरतो. ज्या सकाळी ब्लोअरची खरी गरज, नेमकी त्याच सकाळी ज्योत फुरफुरते आणि विझते. पंख्याची बॅटरीही गारठलेलीच. हातमोजे घालून रेग्युलेटर फिरत नाही आणि काढले की बोटं बधिर. इंजिन तापवायला आलेला माणूस हीटरचीच शुश्रूषा करत बसतो! मी वैतागलो तो इथेच.

शिवाय घाई होते. काउल हाताला गरम लागली की झालं असं वाटतं, पण क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, आतून गारच असतो. अ‍ॅल्युमिनियमचा क्रँककेस आत फिरणाऱ्या पोलादी क्रँकशाफ्टपेक्षा जास्त आकसतो, बेअरिंगमधली फट कमी होते आणि घट्ट झालेलं तेल तिथे लवकर पोचत नाही. अशा अर्धवट तापलेल्या इंजिनाने खोकून मान टाकली, तर जळलेल्या पेट्रोलमधून निघालेली पाण्याची वाफ स्पार्क प्लगच्या टोकांवर गोठते. मग कितीही क्रँक करा. पुन्हा तापवल्याशिवाय सुटका नाही. त्यात कुणी वैतागून थ्रॉटल पंप करत राहिला तर कार्ब्युरेटरला आग लागायची भीती.

विजेच्या हीटरचं काम संथ. सम्पला, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीला, तापणारा पॅड चिकटवायचा, सिलिंडरना पट्टे, आणि आदल्या रात्री प्लग सॉकेटमध्ये. सकाळपर्यंत उष्णता आतपर्यंत मुरलेली असते. पट्टे लावल्यापासून स्पार्क प्लगवर बर्फ धरल्याचं मला तरी आठवत नाही. अर्थात हा एका विमानाचा अनुभव. काउलवर जाड पांघरूण आणि हवेच्या तोंडांना बोळे मात्र हवेतच, नाहीतर वारा सगळी ऊब पळवतो. बॅटरीला वेगळा पॅड लागतो. बसवायचा खर्चही ब्लोअरपेक्षा जड जाऊ शकतो. आठवडाभर हीटर सॉकेटला लावून ठेवावा का, यावर मेकॅनिकांमध्येही मतभेद आहेत. नुसता सम्प तापत राहिला तर तेलातल्या पाण्याची वाफ वरच्या थंड कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यावर) जमून गंज धरतो, हा आक्षेप मला पटतो. म्हणून मी आदल्या रात्रीपलीकडे जात नाही.

तुमची जागा उघड्यावर असेल आणि जवळपास सॉकेट नसेल, तर ब्लोअरच घ्या, पण त्याला घाई न करता भरपूर वेळ द्या. सॉकेट मिळत असेल तर मी आधी पट्टे बसवीन आणि ब्लोअर लागलाच तर क्लबमधून मागून आणीन.