दोन हातांनी खेळणाऱ्याने स्पेअर कसा घ्यावा: दोन हातांनीच, की एका हाताने?

दहा पिनांच्या बोलिंगमध्ये अंगठा भोकात न घालता दोन हातांनी बॉल टाकायची पद्धत अंगवळणी पडली, हूक (शेवटी वळणारा बॉल) हवा तिथे वळू लागला, की पुढचा प्रश्न प्रो शॉपच्या, म्हणजे बॉलला भोकं पाडून देणाऱ्या दुकानाच्या, काउंटरवर येतो. स्पेअरसाठी, म्हणजे पहिल्या बॉलनंतर उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने पाडण्यासाठी, प्लास्टिकचा बॉल घ्यायचा एवढं ठरलेलं असतं. पण त्याला अंगठ्याचं भोक पाडायचं का? पाडलं तर स्पेअर एका हाताने, अंगठा घालून, जुन्या रीतीने. नाही पाडलं तर तोही दोन हातांनीच. लीग खेळणाऱ्याला हे आधीच ठरवावं लागतं, कारण यूएसबीसी या अमेरिकेतल्या बोलिंगच्या नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे ऑगस्ट २०२० पासून पकडीसाठी पाडलेलं प्रत्येक भोक बॉल टाकताना वापरावंच लागतं. आज अंगठा घातला, उद्या नाही घातला, असं एकाच बॉलवर चालत नाही.

मी न्यू जर्सीत लीग खेळतो, उजव्या हाताचा आहे, आणि दोन्ही पद्धती पुरेसा काळ वापरून मग एक ठरवली. डावखुऱ्यांनी खाली जिथे १० नंबरची पिन (मागच्या रांगेत उजव्या टोकाची) येईल तिथे ७ नंबरची (डाव्या टोकाची) वाचावी.

स्पेअरचं इतकं मनावर का घ्यायचं? गेमच्या दहाही फ्रेममध्ये, म्हणजे पाळ्यांत, पहिल्या बॉलला ९ पिना आणि दर वेळी स्पेअर, शेवटच्या जादा बॉलला पुन्हा ९, तर गुण होतात १९०. तेच सगळे स्पेअर हुकले तर ९०. पूर्ण १०० गुणांचा फरक, आणि त्यात एकही स्ट्राइक (पहिल्याच बॉलला सगळ्या पिना) नाही. दोन हातांनी खेळणारे आपण रेव्हच्या, म्हणजे बॉलला दिलेल्या फिरकीच्या, नादात हे विसरतो.

आणि १० नंबर ही खरी परीक्षा आहे. बॉलचा व्यास साडेआठ इंच, पिनेचं पोट पावणेपाच इंच. पिन लेनच्या मधोमध असती तर बॉलला सव्वातेरा इंचांची मोकळीक मिळाली असती. १० नंबरच्या मध्यापासून गटर (लेनच्या कडेची पन्हळ) मात्र जेमतेम पावणेतीन इंचांवर. म्हणजे हाती उरतात नऊ-साडेनऊ इंच, लेनच्या जवळपास तेवढ्याच उभ्या फळ्या. त्यात हाउस शॉटला, म्हणजे सेंटरवाले लेनवर नेहमी लावतात त्या तेलाच्या थराला, तेल मधे दाट आणि कडेला विरळ. डावीकडून तिरपा सोडलेला हुकणारा बॉल तेलावरून छान घसरत जातो आणि शेवटच्या कोरड्या फळ्यांवर पकड मिळाली की पिनेच्या डावीकडून वळून निघून जातो. म्हणून या पिनेला बॉल सरळ हवा, याबद्दल कुणाचंच दुमत नसावं. मतभेद आहे तो सरळ टाकायचा कसा यावर.

नुसता हिशेब मांडला तर एका हाताची बाजू भक्कम आहे. अंगठा आत असला की बॉल हातात लटकतो, खांदा सैल सोडला तर झोका आपोआप सरळ रेषेत जातो आणि सोडताना बोटांना फारसं काही करावं लागत नाही. रेव्ह कमी, वळण कमी. वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियर यांनी पीबीएची (व्यावसायिक बोलर्सच्या संघटनेची) ४७ विजेतेपदं अशाच एका हाताच्या काटेकोर फेकीवर मिळवली. घोड्याचे नाल फेकण्याच्या खेळातही ते जगज्जेते आहेत, यावरून त्यांच्या हाताची शिस्त लक्षात यावी. शिवाय पाठीचा मुद्दा आहे. दोन हातांनी खेळताना कंबरेतून बरंच वाकावं लागतं आणि पाठीचा कणा उजवीकडे कलतो. निम्मे बॉल एका हाताने टाकले तर पाठीला तेवढीच उसंत. ज्यांची पाठ कुरकुरते त्यांनी हा मुद्दा हलक्यात घेऊ नये.

दोन हातांच्या बाजूला जेसन बेलमॉन्टी आहे. ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज गावी आईवडिलांच्या बोलिंग सेंटरमध्ये लहानपणी बॉल जड म्हणून दोन हातांनी ढकलायला लागला, आणि आज पीबीएच्या सर्वाधिक मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धा, त्याच्या नावावर आहेत. तो स्पेअरही दोन हातांनीच घेतो. अर्थात बेलमॉन्टीला जमतं म्हणून आपल्याला जमेलच असं नाही, त्यामुळे हा पुरावा मी फार ताणत नाही.

माझ्यासाठी तराजू झुकवला तो अंगठ्याने.

अंगठा दिवसभर एका मापाचा राहत नाही. जानेवारीत पार्किंगमधून आत यावं तर तो आकसलेला असतो, बॉल सैल लागतो. तिसऱ्या गेमपर्यंत तोच अंगठा फुगतो आणि भोकात अडकतो. जुलैच्या दमट हवेत तर सुरुवातीपासूनच घट्ट. एका हाताने खेळणाऱ्यांना हे काही नवं नाही, ते भोकात टेप लावतात आणि काढतात. पण ते हे करू शकतात कारण त्यांचा अंगठा प्रत्येक बॉलला आत जातो. थोडं घट्ट वाटलं की पुढच्या बॉलआधी एक पट्टी काढली, झालं. आपला अंगठा आत जातो तो फक्त स्पेअरला. दोन स्ट्राइक लागोपाठ पडले, मधे इतरांच्या पाळ्या झाल्या, की अंगठ्याला बॉल भेटून बराच वेळ गेलेला असतो. या क्षणी तो सैल बसणार की घट्ट, हे बॉल उचलल्यावरच कळतं, आणि तेव्हा पिन उभी असते.

सैल बसला की माणूस नकळत मूठ आवळतो. आवळलेला हात मोकळा झुलत नाही, बॉल डावीकडे ओढला जातो. घट्ट बसला की अंगठा उशिरा सुटतो आणि बॉल उचलला जाऊन धप्पकन पडतो. १० नंबरला दोन्ही चुका महागात पडतात. मी अंगठ्याची बदलती नळीही बसवून पाहिली, टेपचे प्रकार पाहिले. फरक पडला, पण तिसऱ्या गेमच्या स्पेअरवर भरवसा बसला नाही तो नाहीच. माझा अंगठा जरा जास्तच फुगणारा असेल. ज्यांचा तसा नाही त्यांचा अनुभव वेगळा असू शकतो.

दुसरी अडचण लयीची. आपली चाल शेवटच्या आधीच्या पावलाला उडी घेते, बॉल उशिरा आणि आखूड मागे जातो, वेग पायांतून येतो. एका हाताची चाल सावकाश, बॉल आधी पुढे ढकलायचा, मग मोठा झोका. लेगस्पिन टाकणाऱ्याला एकाआड एक चेंडू मध्यमगती टाकायला सांगावं तसं हे होतं. सरावाला वेळ असेल तर दोन्ही चाली जपता येतात. आठवड्यातून एक लीग आणि जमलं तर एक सराव एवढाच वेळ असणाऱ्याने तो वेळ दोन चालींत वाटून टाकावा का, याचा विचार करावा.

आता दोन हातांनी सरळ कसा टाकायचा, कारण नुसता प्लास्टिकचा बॉल घेऊन भागत नाही. प्लास्टिक तेल शोषत नाही, लेनला कमी धरतं, हे खरं. पण दोन हातांचे रेव्ह इतके असतात की कोरड्या लेनवर तोही शेवटी वळतो. रेव्ह कमी करायच्या मागे लागण्यापेक्षा त्यांची दिशा बदलणं मला सोपं गेलं. स्ट्राइकला हात बॉलच्या खालून बाजूला फिरतो; स्पेअरला तो शेवटपर्यंत बॉलच्या मागे ठेवायचा, तळवा पिनेकडे, बोटं सरळ वर. मग बॉल फिरतो, पण पुढच्या दिशेने, आणि वळायला कारणच उरत नाही. मनगट नेहमीइतकं आत न वळवता थोडं सैल सोडलं की आणखी सोपं.

डाव्या हाताकडे विशेष लक्ष द्यावं. अचूकता बिघडते ती बहुधा तिथे. डावं कोपर ताठ झालं की तो हात बॉलला अंगाकडे ओढतो, झोका कंबरेभोवती फिरतो आणि बॉल लेनवरच्या नेमासाठीच्या बाणावरून न जाता त्याला चुकवून जातो. डाव्या हाताने फक्त आधार द्यायचा आणि बॉल घोट्यापाशी आला की सोडायचा. फाउल लाइनपाशी (लेन सुरू होते ती रेघ) उभं राहून, पावलं न टाकता, नुसता झोका आणि सोडणं असा सराव केला तर हे लवकर कळतं. पिना लावू नका, पिना दिसल्या की जोर लावला जातो.

चाल मात्र तीच ठेवायची. १० नंबरला ॲप्रोचच्या (लेनआधीच्या पावलं टाकायच्या जागेच्या) डाव्या बाजूला उभं राहावं, खांदे आणि पावलं दोन्ही पिनेकडे वळवावीत, आणि मधल्या बाणाच्या आसपासून तेलावरून बॉल न्यावा. डोळे बाणावर, बॉल तिथून जाईपर्यंत. उडीत डोकं वरखाली होतं आणि नजर पिनेकडे पळते, हा आपल्या पद्धतीचा कायमचा धोका. बॉल सोडल्यावर डावा पाय कुठल्या फळीवर थांबला तेही दर वेळी पाहावं. ती फळी बदलत असेल तर हाताला दोष देण्यात अर्थ नाही.

एवढं करूनही उशिराच्या लीगमध्ये, तेल ओढलं गेल्यावर, दोन हातांचा बॉल शेवटी किंचित डावीकडे येतो. एका हाताने टाकलेला तितका येत नाही, हे मान्य करायला हवं. मी अशा वेळी दोन फळ्या आणखी डावीकडे सरकतो आणि पाय थोडे जलद टाकतो. बहुतेक वेळा निभावतं. निदान बॉल कुठे जाणार याचा अंदाज असतो, अंगठ्याच्या बाबतीत तो नसायचा.

ज्यांनी आधी वर्षानुवर्षं एका हाताने खेळून नंतर दोन हात धरले, ज्यांचा तो झोका अजून अंगात आहे, त्यांनी तो सोडावा असं मी म्हणणार नाही. पाठीचा त्रास असणाऱ्यांनीही नाही. पण सुरुवातच दोन हातांनी केलेल्याने केवळ स्पेअरसाठी अंगठ्याचा संसार मांडण्याआधी थोडं थांबावं. सेंटरच्या रॅकवरचा प्लास्टिकचा बॉल घेऊन सरावाच्या वेळी दोन्ही प्रकारे १० नंबर मारून पाहावी, आणि तेही दोन गेम झाल्यावर, हात तापलेला असताना. मग दुकानात जाऊन आधी दोन बोटांचीच भोकं पाडून घ्यावीत. ड्रिल करणाऱ्याला तशी कल्पना देऊन ठेवली तर अंगठ्याचं भोक पुढे कधीही पाडता येतं. एकदा पाडलेलं मात्र बुजवूनच घ्यावं लागतं.